दुसऱ्या मजल्यावरची जागा

विजेचे मीटर वाचण्यात ज्याची सव्वीस वर्षं गेली, त्या माणसाला लोक मीटरकाका म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? नोकरी सुटली तरी नाव सुटलं नाही. बायको चिडली की "ऐका हो मीटर" म्हणायची, आणि ती फारशी चिडत नसल्यामुळे त्यांना ते आवडायचंही.

मीटर वाचायला ते रोज तीस-चाळीस जिने चढायचे, पण डोळे काही नुसते आकड्यांवर नसायचे. कुठल्या दारावरची नावाची पाटी वर्षात तिसऱ्यांदा बदलली, कुठल्या भिंतीला कमरेएवढी ओल आहे, कुठल्या इमारतीत वरचे खालच्यांशी बोलत नाहीत, हे सगळं त्यांच्या डोक्यात आपोआप साठत गेलं. त्या साठ्यावरच त्यांनी पुढे जागा घेतल्या. काडी काडी जमवून पहिली, ती भाड्याने देऊन तिच्या जोरावर दुसरी, मग तिसरी. वारसा नाही, लॉटरी नाही. होते ते दोन पाय आणि काकूंची शिलाई मशीन. काकू घरी बसून कपडे दुरुस्तीची कामं घ्यायच्या.

जागा घेण्याआधी काका तो भाग तीनदा बघायचे. सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला. त्यांची परीक्षा साधी असायची. जिन्यातला दिवा चालू आहे आणि तो कोणी बदलला हे विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही, म्हणजे इमारत चांगली, कारण ज्याला दिसतं तो बदलून टाकतो. जिन्यातल्या दिव्यावरून पाट्या लिहिल्यात आणि दिवा बंदच आहे, तर मागे फिरायचं. इस्त्रीवाला, सायकल दुरुस्तीवाला आणि किराणावाला एकाच गल्लीत दहा वर्षं टिकले असतील तर तिथे माणसं टिकतात. चौथ्या खेपेला काकू एकट्या जायच्या, बायकांशी बोलायला. पाणी किती वाजता येतं हे पुरुषांना विचारून उपयोग नसतो, असं त्यांचं म्हणणं.

एकदा एक दलाल मागेच लागला. "काका, नदीपलीकडे घ्या. पाच वर्षांत दुप्पट."

"पाच वर्षांनी तिथे राहणार कोण, ते सांग," काका म्हणाले. "मग दुप्पट बघू."

दलाल अजून विचार करतोय, असं काकू सांगायच्या आणि हसायच्या.

तिसरी जागा मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होती, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागच्या बाजूला बाथरूम. दवाखाना काही उठून दुसरीकडे जात नाही आणि माणसं आजारी पडायची थांबत नाहीत, तेव्हा नर्स आणि तंत्रज्ञ लोकांना तिथे जागा लागतच राहणार, हा काकांचा हिशेब. तो बरोबर निघाला. जागा बघायला आलेली दुसरीच मुलगी दवाखान्यातली नर्स होती.

भाडेकरू निवडायचं काम काकूंचं. बघायला आलेला माणूस आधी काय बघतो, ते त्या बघायच्या. कोणी भिंती बघतं, कोणी थेट भाडं विचारतं. या मुलीने नळ सोडला, बंद केला, मग पलंग ठेवायच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, "इथे दिवसा ऊन येतं का हो? मला रात्रपाळी असते, मी दिवसा झोपते."

"येतं. जाड पडदा शिवून देईन," काकू म्हणाल्या. झालं, जागा दिली.

दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणायचे, म्हणून काका-काकूही सिस्टरच म्हणू लागले. ती पाच वर्षं राहिली. भाड्याच्या दिवशी स्वतः यायची, काकूंचा रक्तदाब तपासायची, काकांच्या ताटातलं मीठ उचलून बाजूला ठेवायची. काका कुरकुरले तर म्हणायची, "काका, तुम्ही माझ्या वॉर्डात नकोत मला." आई लहानपणीच गेलेली. वडील लांबच्या गावी एका वाचनालयात शिपाई होते, आता निवृत्त. वर्षातून दोनदा यायचे, लेकीकडे चार दिवस राहायचे, जाताना मालकांना भेटून जायचे. मोजकं बोलणारा, बारीक अंगाचा माणूस.

काका मालक म्हणून चांगलेच होते, हे त्यांच्या वाईटावर असलेलेही कबूल करायचे. तक्रार आली की दुसऱ्या दिवशी माणूस हजर. "मालकाने दोनच कामं करावीत," काकू म्हणायच्या, "नळ गळला की जावं, आणि नळ गळत नसेल तर जाऊ नये." काकांनी हे काटेकोर पाळलं. भाडेकरूच्या दाराला त्यांनी न विचारता कधी हात लावला नाही.

तिसऱ्या वर्षी सिस्टर एक तक्रार घेऊन आली, जरा संकोचत. मागे नवी इमारत उभी राहिली होती. तिचा जिना बरोबर बाथरूमच्या खिडकीसमोर. त्या खिडकीला काचेच्या तिरप्या पट्ट्या होत्या, हवा जायला. आता जिन्यात माणसं विड्या ओढत उभी राहायची.

"आंघोळ करायची चोरी झालीये हो काका," ती म्हणाली.

काका दुसऱ्याच दिवशी गेले. पट्ट्या काढल्या, चौकटीत एक अखंड दुधी काच बसवली, चारी बाजूंनी पुट्टी लावून पक्की केली. उजेड येईल, नजर येणार नाही. सिस्टरने चहा केला. काका खुशीत घरी आले. तेव्हा पाणी तापवायला विजेचा गीझर होता, त्यामुळे त्यात काही वावगं नव्हतं. हे खरंच आहे. पुढे त्यांनी हे स्वतःला हजार वेळा सांगून पाहिलं.

पाचव्या वर्षी थंडीच्या तोंडावर तो गीझर बिघडला. सिस्टर म्हणाली, गॅसचा लावला तर पाणी पटकन तापेल, रात्रपाळीहून आल्यावर ताटकळायला नको. काकांना पटलं. त्यांचा नेहमीचा प्लंबर आला, गीझर लावला, पेटवून दाखवला. निघताना त्याने खिडकीकडे पाहिलं.

"ही उघडत नाही का?"

"नाही. मीच बंद केलीये."

"मग एखादी हवेची जाळी बसवा काका, नाहीतर पंखा लावा. गॅसला हवा लागते, नाहीतर आत विषारी वायू कोंडतो. असं बंद ठेवू नका."

"करून घेऊ," काका म्हणाले. "पुढच्या आठवड्यात ये."

सिस्टरला त्या दिवशी दिवसपाळी होती, आपली किल्ली काकूंकडे देऊन ती कामावर गेली होती. तिला ते सांगायला हवं होतं, दार उघडं ठेवून आंघोळ कर म्हणून. भेटेल तेव्हा सांगू, असं काकांच्या मनात आलं. पण त्याच आठवड्यात चौथ्या जागेचं निघालं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या कारखान्याच्या वसाहतीत एक जागा विकायला होती आणि काकांना तो भाग एकदम पसंत पडला. सकाळी जा, दुपारी जा, दिवेलागणीला जा. शेजाऱ्यांशी बोल. जिन्यातला दिवा बघ. ते त्यात रमले. प्लंबरचा एकदा फोन आला होता. काका म्हणाले, "अरे, या सोमवारी नाही जमत, पुढच्या सोमवारी बघू."

एकोणीस दिवस गेले.

त्या दिवशी सिस्टर रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आली. दुपारी तिला मैत्रिणीबरोबर बाजारात जायचं होतं. मैत्रीणही नर्स होती, बुटकी, तुरुतुरु चालणारी. दवाखान्यात तिला छोटी सिस्टर म्हणायचे. तिने दार वाजवलं, फोन केला. फोन आत वाजत होता. तिने काकांना बोलावलं. काकांनी त्यांच्याकडची किल्ली आणली, पाच वर्षांत पहिल्यांदाच. आत गेले तर पलंगावर गणवेश घडी करून ठेवलेला. बाथरूमचं दार आतून लावलेलं, आणि आत पाण्याचा आवाज.

दार काकांनीच खांद्याने तोडलं. पुढचं सगळं छोट्या सिस्टरने केलं, जे तिला शिकवलेलं होतं ते सगळं, आणि करताना तिला कळत होतं की उशीर झालाय. काका दारात उभे होते. मग ते आत गेले आणि मुठीने ती काच फोडली. हात कापला. छोटी सिस्टर मान वर न करता म्हणाली, "काका, आता कशाला."

संध्याकाळी हाताला टाके घालून ते घरी आले आणि काकूंना सगळं सांगितलं. खिडकीचं त्यांना माहीत होतं. प्लंबर काय म्हणाला होता, ते माहीत नव्हतं. काकू बराच वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसल्या.

"उद्या तिचे वडील येतील," काका म्हणाले. "त्यांना सांगतो."

"काय सांगाल?"

"मला सांगितलं होतं म्हणून. आणि मी केलं नाही म्हणून."

"पोलिसांना सांगा," काकू म्हणाल्या. "ते सांगायलाच हवं. पण त्या माणसाला नका सांगू. त्याच्याजवळ आता आहे काय? हे ओझं तुमचं आहे. त्याच्या डोक्यावर का ठेवताय?"

पोलिसांच्या जबाबात त्यांनी सगळं सांगितलं. लिहून घेणाऱ्याने मध्येच पेन थांबवून विचारलं, "हे लिहू का? नक्की?" काका म्हणाले, "लिहा."

वडील आले. दवाखान्यातलं, स्मशानातलं सगळं झालं, तेव्हा ते कुठेच मोठ्याने रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते जागेवर सामान आवरायला आले. काकूंनी मदत केली. सामान होतंच किती? दोन पेट्यांत सगळं मावलं, कपडे, भांडी, काही पुस्तकं, पांढऱ्या बुटांचे दोन जोड. सगळं बांधून झाल्यावर वडील स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि काकांना म्हणाले, "फोनवर तुमच्याबद्दल फार बोलायची. म्हणायची, बाबा, घरमालक कसले, तुमच्यासारखेच आहेत, फक्त बोलतात जास्त."

काकूंनी काकांकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, हे काकांना कळलं. तरीही ते बोलले. उभ्या उभ्याच, खाली बघत, शाळेतल्या मुलासारखं सगळं सांगितलं. काच कधी लावली, कशासाठी लावली, प्लंबर काय म्हणाला, एकोणीस दिवस ते कुठे होते.

वडिलांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "काच तिनेच लावायला सांगितली होती?"

"हो. पण ती पट्ट्यांची होती, ती मी अखंड..."

"कळलं."

खाली गल्लीत भाजीवाला ओरडत होता.

"हे मला का सांगितलंत?" वडिलांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखा होता.

"खरं आहे म्हणून."

"काल माझा जरा डोळा लागला होता," वडील म्हणाले. "मी मनाची समजूत घातली होती. म्हटलं, कोणाची चूक नाही. यंत्र आहे, होतं असं कुठे कुठे. आता तसं नाही म्हणता येणार मला. आता कोणावर तरी राग धरायला हवा, आणि तो तुमच्यावर. तिला आवडणारं माणूस तुम्ही. माझं वय अडुसष्ट आहे हो. हे मी कुठे ठेवू?"



वडील उठून बाथरूमकडे गेले. रिकाम्या चौकटीतून मागचा जिना दिसत होता, वारा येत होता. त्यांनी चौकटीच्या कडेवरून बोट फिरवलं, जिथे पुट्टीत काचेचा तुकडा अडकला होता. मग परत आले आणि एक पेटी उचलली. दुसरी काका उचलायला गेले, तर म्हणाले, "राहू द्या. मी दोन खेपा करीन." आणि त्यांनी तशा दोन खेपा केल्या, दुसऱ्या मजल्यावरून, एकेक पायरी. निघताना काकूंना हात जोडले. काकांना नाही.

ते गेल्यावर काकूंनी 'मी म्हटलं होतं' असं कधीही म्हटलं नाही. पण त्या दिवसानंतर "ऐका हो मीटर" ही हाकही कायमची बंद झाली.

खटला तीन वर्षं चालला. शेवटी दंड झाला. वकील म्हणाला, सुटलात. काका कोर्टाच्या पायऱ्यांवर बसले. त्यांना वाटलं होतं, आत घालतील. मग निदान कोणीतरी ठरवून दिलेले दिवस मोजता आले असते.

प्लंबर तर सिस्टर गेली त्याच आठवड्यात घरी आला होता. काकांना वाटलं, जबाबात नाव घातलं म्हणून भांडेल. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मी तेव्हाच काच फोडायला हवी होती. हातात हातोडा होता माझ्या." दोघे मग उरलेल्या जागांमध्ये गेले. प्रत्येक बाथरूमची खिडकी बघितली, जिथे बंद होती तिथे जाळी बसवली. काकांनी गॅसचा एकही गीझर ठेवला नाही. तेवढ्यावर भागलं नाही. गल्लीत ओळख असेल त्या घरी ते जायचे आणि विचारायचे, "तुमच्या बाथरूमला हवा जाते का?" काही लोक दाखवायचे, काही दार लावून घ्यायचे. म्हातारपणी बाथरूमं बघत फिरतो, अशी कुजबुज व्हायला वेळ लागला नाही. पंचवीस-तीस घरांत तरी त्यांच्या सांगण्यावरून जाळ्या बसल्या. त्या घरांत पुढे काही झालं नाही. ते तसंही झालं नसतं कदाचित. काकांनी कधी त्याची बेरीज केली नाही.

चौथी जागा त्यांनी घेतलीच नाही. इसार सोडून दिला. पूर्वी रविवारी दोघंतिघं तरी यायचे, काका, कुठल्या भागात घेऊ, म्हणून विचारायला, आणि काका तास तास बोलायचे. आताही कोणी कोणी यायचे. काका ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मला नाही कळत त्यातलं." लोकांना तो विनय वाटायचा.

दवाखान्यामागची जागा दोन वर्षं कुलूपबंद राहिली. ते एकोणीस दिवस मी कारखान्याच्या वसाहतीत फिरत होतो, हे काकांनी काकूंना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्या एकदा म्हणाल्या, "अहो, जागा बंद ठेवून ती परत येणार आहे का? आणि तुम्ही तरी कुठे परत आलात?" त्याच महिन्यात छोटी सिस्टर भेटायला आली. तिला आईला आणायचं होतं गावाहून आणि दवाखान्याजवळ जागा मिळत नव्हती.

"ती दुसऱ्या मजल्यावरची द्याल का?" तिने विचारलं.

काकू म्हणाल्या, "तुला राहवेल तिथे?"

"सगळ्या घरांत कोणी ना कोणी गेलेलंच असतं, काकू. आमच्या दवाखान्यात तर खाटेखाटेवर. आम्ही चादर बदलतो आणि दुसऱ्याला झोपवतो." मग म्हणाली, "आणि तिच्याकडे आम्ही खूप हसलोय. तेही तिथेच झालंय."

काकूंनी जागा दिली. तेव्हापासून तिथलं सगळं काकूच बघतात. नळ गळला, कडी निखळली, त्याच जिना चढतात, गुडघे धरून, मध्ये एकदा थांबून. काका सोबत येतात आणि खाली इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी उभे राहतात. छोट्या सिस्टरची आई गॅलरीतून बोलावते, "अहो, वर या की, चहा टाकलाय."

"पाय दुखतात हो," काका खालून सांगतात.

त्यांचे पाय ठणठणीत आहेत. रोज सकाळी चार मैल चालतात.

दरवर्षी त्या तारखेच्या आसपास ते सिस्टरच्या वडिलांना पत्र लिहितात. त्यात माफी मागत नाहीत. एकदा सगळं सांगितलं आणि त्याचं काय झालं ते त्यांनी पाहिलं. दोन-चार ओळी असतात. जागेत आता कोण राहतं, तिच्या पलंगाच्या जागी कोणाची आई झोपते, जाड पडदा अजून तोच आहे. शेवटी फक्त सही. सात पत्रं गेली. उत्तर एकाचंही आलं नाही. पण पत्ता सापडला नाही म्हणून एकही पत्र परत आलेलं नाही, एवढ्यावरून म्हातारा अजून आहे, असं काका धरून चालतात.